नोंदणीचा प्रश्न : वेब-फ्रेमवर्कच्या इतिहासातील एक वाद

‘नोंदणी’ आणि ‘ओळख पटविणे’ हे शब्द संगणकीय व्यवहारात बहुधा जोडीनेच येतात, आणि त्यामुळे ती एकाच क्रियेची दोन नावे असावीत असा समज होतो. वस्तुतः त्या क्रिया भिन्न आहेत. ग्रंथालयाच्या दाराशी बसलेला लेखनिक कार्ड पाहून सभासदाला आत सोडतो, ही ओळख पटविण्याची क्रिया होय. सभासद कोणास करून घ्यावयाचे, शिफारस कोणाची लागेल, अनामत किती, हे ठरवून नाव पटावर चढविणे ही नोंदणीची क्रिया होय. पहिलीचे स्वरूप सर्वत्र जवळजवळ सारखे असते; दुसरी संस्थेगणिक बदलते. संकेतस्थळे रचण्यासाठी जी तयार सांगाडावजा साधने गेल्या दोन दशकांत प्रचारात आली, ज्यांना फ्रेमवर्क म्हणतात, त्यांच्या कर्त्यांमध्ये या दुसऱ्या क्रियेविषयी दीर्घकाळ मतभेद राहिला आहे. नोंदणीची सोय फ्रेमवर्कमध्ये अंगभूत असावी, की ती संकेतस्थळ रचणाऱ्यावर सोपवावी, हा त्या वादाचा विषय. वाद तंत्रज्ञांचा असला तरी त्याच्या मुळाशी ‘व्यक्ती म्हणजे काय, आणि तिचे नाव कसे लिहावयाचे’ हा प्रश्न आहे, आणि तो भाषाभ्यासकांच्याही कक्षेत येतो.

नोंदणीचा प्रश्न मुळात उद्‌भवला केव्हा, हे आधी पाहणे इष्ट ठरेल. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली कालविभाजनाची जी यंत्रणा चालवून दाखविली, तीत एकाच यंत्रावर अनेकांना आळीपाळीने काम करता येई. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात म्हणून नावाबरोबर पासवर्डाची योजना आली. तेथे प्रत्येकाला ‘खाते’ असे, आणि हा शब्द त्या काळी शब्दशः खरा होता. यंत्राचा वेळ महाग असल्यामुळे कोणी किती वेळ खर्चिला याचा हिशेब ठेवावा लागे. आज खाते उघडणाऱ्याला कसला हिशेब द्यावा लागत नाही, तरी शब्द टिकून आहे. खाते देणारा मात्र व्यवस्थापक असे. कोणी परस्पर येऊन आपले नाव पटावर चढवावे, ही कल्पनाच तेथे नव्हती. १९६६ मध्ये याच यंत्रणेत एका चुकीने पासवर्डांची फाईल आणि दिवसाच्या सूचनेची फाईल यांची अदलाबदल झाली, आणि प्रत्येकाच्या टर्मिनलवर सर्वांचे पासवर्ड उमटले. कॉर्बाटो यांनी ही हकीकत पुढे आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात सांगितली.

युनिक्सने हीच परंपरा पुढे चालविली. रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ च्या आपल्या निबंधात ३,२८९ पासवर्डांची तपासणी मांडली. त्यांपैकी २,८३१, म्हणजे सुमारे ८६ टक्के, सहज शोधून काढण्याजोगे ठरले. या निबंधाचे येथे महत्त्व एवढ्यापुरते की, पासवर्ड कसा साठवावा हा प्रश्न प्रत्येकाने स्वतंत्रपणे सोडविण्याचा नाही, तो एकदाच आणि जाणकारांनी सोडवावयाचा, हे त्यातून स्पष्ट झाले. नोंदणीविषयी असे काही म्हणण्याची गरज कोणाला भासली नाही, कारण नोंदणी माणसाच्या हातात होती.

वेबने ही स्थिती बदलली. १९९४ मध्ये नेटस्केपमधील लू माँटुली यांनी ‘कुकी’ची योजना केली, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणारा वाचक तोच आहे हे संकेतस्थळाला ओळखता येऊ लागले. प्रवेशाचा अर्ज आता पानाचाच एक भाग झाला. त्याच्या शेजारी लवकरच दुसरा अर्ज आला, आणि त्यात परका मनुष्य स्वतःच आपले नाव घालू लागला. व्यवस्थापकाच्या टेबलावरून नोंदणी अशी पाहुण्याच्या हातात गेली. प्रस्तुत वादाची खरी सुरुवात या स्थलांतरात आहे.

या वादाचा सर्वांत बोलका पुरावा जँगो या फ्रेमवर्कमध्ये सापडतो, आणि म्हणून त्याच्याकडे जरा सविस्तर पाहावयास हवे. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावी ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ हे वृत्तपत्र आहे. त्याच्या वेब-विभागात एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ च्या शरदऋतूत पायथन भाषेत संकेतस्थळे रचण्यास आरंभ केला. जेकब कॅप्लन-मॉस नंतर येऊन मिळाले. वृत्तपत्राच्या कामात मुदत तासांत मोजली जाते, म्हणून वारंवार लागणारा भाग एकदाच लिहून ठेवण्याची निकड त्यांना होती. त्यातून निघालेले फ्रेमवर्क जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुले करण्यात आले. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून ठेवले होते.

या फ्रेमवर्कमध्ये उपसंपादकाने बातमी भरावी, दुरुस्त करावी यासाठी एक तयार व्यवस्थापन-कक्ष होता, आणि त्याच्याबरोबर ‘ऑथ’ नावाचा विभाग. त्या विभागात वापरकर्त्याचा नमुना, गट, अधिकार, प्रवेश करणे, बाहेर पडणे, पासवर्ड बदलणे, विसरल्यास नवा घेणे, हे सर्व होते. नोंदणीचे पान नव्हते. नवा वापरकर्ता व्यवस्थापकाने कक्षात जाऊन निर्माण करावयाचा. हे पाहून अनेकांनी असा तर्क केला की, वृत्तपत्राच्या कचेरीत वापरकर्ता म्हणजे नोकर, म्हणून बाहेरच्या माणसाचा विचारच कर्त्यांच्या मनात आला नाही.

हा तर्क सोपा आहे, पण पुराव्याला उतरत नाही. ऑथ विभागातील वापरकर्त्याचा तक्ता एखाद्या ताम्रपटासारखा वाचला, तर त्यातील रकानेच साक्ष देतात. ‘इज स्टाफ’ नावाचा एक रकाना आहे. त्यात ‘होय’ असेल तरच व्यवस्थापन-कक्षात पाऊल टाकता येते. सर्व वापरकर्ते कचेरीतलेच असते, तर हा रकाना ठेवण्याचे कारण नव्हते. दुसरा रकाना ‘डेट जॉइन्ड’, म्हणजे सामील झाल्याची तारीख. नेमणूक झालेल्या माणसाविषयी ‘सामील झाला’ असे कोणी म्हणत नाही. बाहेरचा वाचक कर्त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्याने आत कसे यावे, हे त्यांनी फ्रेमवर्कच्या आत ठरविले नाही, एवढेच.

याच तक्त्यात कचेरीचा ठसाही दिसतो, हे मात्र मान्य केले पाहिजे. ई-मेलचा रकाना ऐच्छिक आहे, आणि एकच पत्ता दोन वापरकर्त्यांना असण्यास तक्त्याची हरकत नाही. ज्याला व्यवस्थापक तोंडाने ओळखतो त्याच्या बाबतीत हे चालते. अनोळखी मनुष्य जेव्हा दूरून नोंदणी करतो, तेव्हा ई-मेलचा पत्ता हाच त्याच्या अस्तित्वाचा एकमेव पुरावा असतो. ज्यांना पत्त्यावरून प्रवेश द्यावयाचा होता, त्यांची या तक्त्यामुळे बराच काळ अडचण झाली. फेब्रुवारी २०१३ मधील १.५ या आवृत्तीत वापरकर्त्याचा नमुना बदलण्याची मुभा मिळाली, तेव्हा ती दूर झाली.

नोंदणीची उणीव जेम्स बेनेट यांनी २००७ मध्ये ‘जँगो-रजिस्ट्रेशन’ या स्वतंत्र पॅकेजने भरून काढली. त्याची रीत दोन पायऱ्यांची होती : अर्ज भरला की खाते निष्क्रिय अवस्थेत निर्माण होई, आणि ई-मेलने आलेल्या दुव्यावर गेल्यावर ते सक्रिय होई. बेनेट हे लॉरेन्सच्या त्याच वेब-विभागात काम केलेले, आणि तरीही नोंदणी त्यांनी फ्रेमवर्कच्या बाहेर ठेवली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे काही काळ त्यांनी हे काम थांबविले, तेव्हा दुसऱ्यांनी त्याची वेगळी शाखा काढली; नंतर मूळ पॅकेजही पुन्हा सुरू झाले. ज्यांची संकेतस्थळे त्यावर अवलंबून होती त्यांना मधल्या काळात कोणत्या शाखेच्या आधाराने राहावे हे ठरवावे लागले. वगळण्याची किंमत ती हीच. फ्रेमवर्कमध्ये जे असते त्याची देखभाल अनेकजण करतात. बाहेर जे असते ते बहुधा एका माणसाच्या सवडीवर चालते.

उलट बाजूचे उदाहरण त्याच वर्षीचे आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एएसपी डॉट नेटची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत ‘मेंबरशिप’ नावाची सभासदत्वाची व्यवस्था होती आणि नोंदणीचा सबंध अर्ज तयार घटक म्हणून दिलेला होता. तो पानावर ठेवला की काम झाले. पण त्या घटकाबरोबर मायक्रोसॉफ्टचे धोरणही आले. पासवर्ड निदान सात अक्षरांचा असावा, त्यात अक्षर वा अंक नसलेले एक तरी चिन्ह असावे, आणि विसरल्यास विचारण्यासाठी एक गुप्त प्रश्न व त्याचे उत्तर द्यावे, हे सारे मूळ मांडणीतच होते. बदल करता येत असे, परंतु मूळ मांडणी बदलण्याचे कष्ट फार थोडे घेतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. दशक उलटण्यापूर्वीच काळ बदलला. लोक गूगल वा फेसबुकच्या ओळखीने प्रवेश करू लागले. पासवर्डाभोवती बांधलेले तक्ते त्यास पुरे पडेनात, आणि २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टला ‘आयडेंटिटी’ नावाची नवी व्यवस्था आणावी लागली.

वर्डप्रेससारख्या तयार कार्यक्रमांत नोंदणी अंगभूत असते, मग फ्रेमवर्कमध्ये का नसावी, असा आक्षेप घेतला जातो. उत्तर कठीण नाही. वर्डप्रेसला आपण कशासाठी आहोत हे ठाऊक असते, फ्रेमवर्कला नसते. शिवाय वर्डप्रेसमध्येही ‘कोणीही नोंदणी करू शकेल’ ही खूण मुळात बंद असते.

रूबी भाषेतील रेल्स हे डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांचे फ्रेमवर्क २००४ चे. त्याने कित्येक वर्षे ओळख पटविण्याचा विभागसुद्धा आत घेतला नाही. ती पोकळी भरण्यासाठी एकामागून एक बाहेरची पॅकेजे आली, त्यांपैकी २००९ मध्ये ब्राझीलमधील प्लॅटफॉर्माटेक या कंपनीने काढलेले ‘डिव्हाइज’ सर्वांत रुळले. त्यात नोंदणी होती. डिव्हाइजच्या कर्त्यांपैकी झोजे व्हालिम यांनी पुढे एलिक्सिर ही भाषा निर्माण केली, आणि त्या भाषेतील फिनिक्स या फ्रेमवर्कसाठी २०२० मध्ये त्यांनी वेगळाच मार्ग सुचविला : फ्रेमवर्कने नोंदणीची संहिता स्वतःजवळ न ठेवता, एका आज्ञेसरशी ती संकेतस्थळाच्या कर्त्याच्या दप्तरात लिहून द्यावी, आणि तेथून पुढे ती त्याची झाली असे समजावे. २०२१ च्या १.६ या आवृत्तीत हा मार्ग फिनिक्समध्ये रीतसर आला. ज्याने दहा वर्षांपूर्वी नोंदणी कुलूपबंद डब्यात घालून दिली होती, त्यानेच ती उघड्या कागदावर उतरवून द्यावी, हा मतपालट साधा नाही. डबा वापरणारे लोक शेवटी डब्याचे झाकण वाकविण्यात अधिक वेळ घालवितात, हे त्यामागील अनुभवाचे सार असावे.

लाराव्हेल या पीएचपी भाषेतील फ्रेमवर्कची चाल तर लंबकासारखी आहे. २०१५ च्या आरंभी आलेल्या पाचव्या आवृत्तीत नोंदणी फ्रेमवर्कबरोबरच मिळे. त्याच वर्षाअखेरच्या ५.२ मध्ये ती आज्ञेने निर्माण होऊ लागली. २०१९ च्या सहाव्या आवृत्तीत वेगळ्या पॅकेजात गेली. आणि रेल्स? त्याच्या आठव्या आवृत्तीने, नोव्हेंबर २०२४ मध्ये, ओळख पटविण्याची संहिता निर्माण करून देणारी आज्ञा अखेर आत घेतली, पण नोंदणी तेवढी वगळली; ती प्रत्येक संकेतस्थळाची आपली असते, असे कारण दिले. म्हणजे लॉरेन्स येथे २००५ मध्ये जी रेषा ओढली गेली, तिच्याच जवळ रेल्स एकोणीस वर्षांनी येऊन थांबले.

ही रेषा बरोबर आहे का? बव्हंशी आहे, असेच म्हणावे लागेल. कोणास आत घ्यावयाचे हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि धोरण उधारीने आणू नये. तथापि वगळण्याच्या पक्षाने एक गोष्ट पुरेशी लक्षात घेतलेली नाही. नोंदणीच्या व्यवहारात काही अंश असा असतो की, तो चुकला तर सर्वांचा एकाच रीतीने चुकतो : सक्रिय करण्याचा दुवा कसा घडवावा, दोन नावे एकच आहेत हे कसे ठरवावे. अशा गोष्टी सामाईक ठिकाणी असण्याचा लाभ कोणता, हे १८ डिसेंबर २०१९ रोजी जँगोच्या कर्त्यांनी प्रसिद्ध केलेल्या दुरुस्तीवरून दिसते.

ते प्रकरण लिपिशास्त्राचेच आहे. पासवर्ड विसरलेला मनुष्य आपला ई-मेल पत्ता देई, आणि जँगो लहान-मोठ्या अक्षरांचा भेद न करता तो तक्त्यात शोधी. तुर्की लिपीत रोमन आय या अक्षराचे बिंदू नसलेले एक लहान रूप आहे. त्याचे मोठे रूप केले की ते साध्या आयच्या मोठ्या रूपाशी एकरूप होते. तेव्हा बिंदूविरहित अक्षर असलेला पत्ता स्वतःकडे असणाऱ्या मनुष्याने तो भरला, तर शोधात दुसऱ्याचेच खाते सापडे. आणि जँगो नवा पासवर्ड घेण्याचा दुवा तक्त्यातील पत्त्यावर न पाठविता अर्जात भरलेल्या पत्त्यावर पाठवी. खाते अशा रीतीने परक्याच्या हाती जाऊ शकत होते. दुरुस्ती दुहेरी होती. दोन्ही पत्ते युनिकोडच्या नियमांनी समरूप करून ताडून पाहावयाचे, आणि पत्र तक्त्यातील पत्त्यावरच धाडावयाचे. ही संहिता फ्रेमवर्कमध्ये होती म्हणून एका दिवसात ती सर्वांसाठी दुरुस्त झाली. हजार संकेतस्थळांच्या कर्त्यांनी ती हजार वेळा लिहिली असती, तर तुर्की आयचा विचार त्यांपैकी किती जणांनी केला असता?

येथून वादाच्या दुसऱ्या आणि अधिक दुर्लक्षित अंगाकडे वळले पाहिजे. नोंदणी वगळली असे म्हणणाऱ्या फ्रेमवर्कनेही वापरकर्त्याचा तक्ता दिला होता, आणि तक्ता देणे म्हणजे नोंदणीचा निम्मा अर्ज लिहून देणेच होय. जँगोच्या तक्त्यात ‘फर्स्ट नेम’ आणि ‘लास्ट नेम’ असे दोन रकाने आहेत. मराठी मनुष्याचे नाव परंपरेने तीन पदांचे असते, स्वतःचे, वडिलांचे वा पतीचे, आणि आडनाव. मधल्या पदाला या तक्त्यात जागा नाही. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही वडिलांच्या नावापूर्वी यावयाचे आहे, म्हणजे पदे चार झाली. दक्षिणेत आडनावच नसलेले असंख्य लोक आहेत. प्रत्येक रकान्याची मर्यादा प्रारंभी तीस वर्णांची होती. लास्ट नेमची मर्यादा २०१७ मध्ये आणि फर्स्ट नेमची २०२० मध्ये दीडशेवर नेण्यात आली. तीस हा आकडा रोमन लिपीत ऐसपैस वाटतो. देवनागरीत ‘लक्ष्मीकांत’ हे चार अक्षरांचे नाव युनिकोडच्या मोजणीने अकरा वर्णांचे भरते, कारण हलन्त, वेलांटी, काना, अनुस्वार या प्रत्येकाची मोजणी वेगळी होते.

वापरकर्त्याच्या प्रवेश-नावाचा इतिहास याहून उद्बोधक आहे. हे नाव प्रारंभी रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांपुरते मर्यादित होते. २०१० मध्ये आणखी चार चिन्हांना मुभा मिळाली. ऑगस्ट २०१६ च्या १.१० या आवृत्तीच्या टिपणात एक चमत्कारिक कबुली आहे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीवर जँगो चालविल्यास रोमनेतर अक्षरेही आधीपासून स्वीकारली जात होती, पण तसे कोणी मुद्दाम ठरविले नव्हते! जगातील कोणत्या लिपीत माणसाने आपले नाव लिहावे, एवढा मोठा निर्णय असा अजाणता होऊन गेला. १.१० पासून तो जाणीवपूर्वक करण्यात आला.

पण तो देवनागरीला लाभला नाही. प्रवेश-नाव ग्राह्य आहे की नाही हे जँगो पायथनच्या ‘शब्दघटक वर्ण’ या कसोटीने ठरविते. युनिकोडच्या मार्गदर्शक नियमांत या कसोटीत स्वरचिन्हांसारखी जोडचिन्हेही यावीत असे सांगितलेले आहे. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशन-विभागात मात्र स्वतंत्र अक्षरे आणि अंक यांनाच शब्दघटक मानले गेले. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांपैकी काहीही तेथे शब्दाचा घटक ठरत नाही. ही उणीव पायथनच्या दोष-नोंदींत २००७ सालीच मांडली गेली होती. परिणाम असा की, जँगोच्या मूळ मांडणीत ‘कमल’, ‘शरद’, ‘भरत’, ‘मदन’ ही नावे चालतात. ‘कमला’, ‘शारदा’, ‘वसंत’, ‘अरुण’, ‘लक्ष्मीकांत’ ही चालत नाहीत. लहान मुलांच्या वाचनपाठांत पहिल्या काही पानांवर काना-मात्रा नसलेलेच शब्द असतात, तेवढीच देवनागरी येथे मान्य झाली. संस्कृत व्याकरणकारांना किंवा मराठी शाळामास्तरांना ‘का’ हे अक्षर नाही असे सांगितले असते, तर त्यांनी काय म्हटले असते याची कल्पना करता येते.

याचा दोष नोंदणी वगळणाऱ्यांवर टाकता येईल काय? अंशतः येईल. जँगोमध्ये नोंदणीचे पान नसले तरी नवा वापरकर्ता निर्माण करणारा एक लहान अर्ज आहे. त्यात प्रवेश-नाव आणि दोनदा पासवर्ड विचारला जातो. तो मुळात व्यवस्थापकासाठी असला तरी स्वतःचे नोंदणी-पान रचणारे पुष्कळजण त्याचाच आधार घेतात, आणि त्याच्याबरोबर ती कसोटीही येते. नोंदणीचे पान खुद्द फ्रेमवर्कमध्ये असते, आणि जगभरचे परके वाचक त्यातून जात असते, तर हा दोष इतकी वर्षे कोपऱ्यात राहिला नसता, असा युक्तिवाद अंगभूत नोंदणीच्या पक्षाला करता आला असता. तो त्यांनी फारसा केलेला दिसत नाही. त्यांचा भर नेहमी वेळ वाचण्यावर राहिला. २०१३ पासून वापरकर्त्याचा नमुना, आणि त्याबरोबर ही कसोटी, बदलता येते हे खरे. पण बदल करणाऱ्याला तो करण्याचे कारण आधी दिसावे लागते, आणि रोमन लिपीत चाचणी करणाऱ्याला ते दिसत नाही. ज्या अर्जात कसोटी न बदलता राहिली आहे, त्यात ‘कमला’ हे नाव भरले की लाल अक्षरांत सूचना उमटते : या रकान्यात फक्त अक्षरे, अंक आणि काही ठरावीक चिन्हेच चालतात.